सहा भोकांचं चाक

"टायर नंतर बघ, मरीटा. आधी चाकाची भोकं मोज."

मामांचा आवाज आठवला तोवर उशीर झाला होता. मागचं चाक पंक्चर होऊन बसलं होतं. ती लाल मातीत गुडघे टेकून बघत राहिली. गाडीला बोल्ट पाच आणि स्टेपनीला भोकं सहा.

हे चाक डेल्विनानं काल दुकानामागच्या मोडक्या गाडीचं काढून आणलं होतं, नक्षी जाड आहे म्हणून. कंपनी तर एकच आहे, असं ती कुरकुरली.

"नवराही असाच निवडलास तू," रोझली मावशी म्हणाली. "वरवर बघून."

नऊजणी हसल्या, डेल्विना सगळ्यात मोठ्यानं. आज कुणालाच हसू आवरत नव्हतं. ऑस्ट्रेलियातल्या वाळवंटातल्या त्यांच्या आदिवासी वस्तीच्या बायकांचा संघ पहिल्यांदाच फुटबॉलच्या अंतिम सामन्यात पोचला होता. ॲलिस स्प्रिंग्ज शहरातून आणलेल्या लाल जर्सी त्यांनी पहाटेच्या प्रार्थनेलाच घातल्या होत्या. दोनला शिट्टी. त्या वेळी मैदानात नसलेला संघ हरला. अजून वीस किलोमीटर वाळू होती.

मरीटानं टायरची कड रिमवरून उचकटली. बाकीच्या काटेरी गवत उपटायला धावल्या. हेही मामांनीच शिकवलेलं. ट्यूब काढायची, तिच्या जागी टायरमध्ये गवत दगडासारखं घट्ट ठासायचं आणि गाडी सावकाश हाकायची. मामांना जाऊन तीन महिने झाले होते. गेलेल्या माणसाचं नाव उच्चारायचं नाही या रीतीप्रमाणे त्यांचं नाव कुणी घेत नव्हतं. पण शेवटच्या दुखण्यात मरीटानं त्यांचा हात धरून दिलेला शब्द सगळ्यांना ठाऊक होता. उपयोगी पडेल असं चाक जवळ असताना ती कुणाला रस्त्यावर टाकून जाणार नव्हती.

सहा भोकांचं चाक छपरावर चढलं. गाडी डुलत निघाली. मावशीनं चर्चमधलं गाणं धरलं, आणि टाळ्यांनी पत्रा दणाणू लागला.

मैदान पाच किलोमीटरवर आलं, तेव्हा वळणावर एक पिकअप तिरकी उभी दिसली. हौद्यात निळ्या जर्सी. आज ज्यांच्याशी खेळायचं होतं, त्याच पोरी. पुढच्या टायरच्या चिंध्या झाल्या होत्या, आणि फुटलेली स्टेपनी बाजूलाच पडली होती.

गाणं थांबलं. सव्वा वाजून गेला होता.

"कप आपलाच," डेल्विना हळूच म्हणाली. "हात हलवायचा नि पुढे जायचं."

मावशी खिडकीबाहेर बघत राहिली.

मरीटानं वेग कमी केला. पिकअपच्या चाकाच्या बोल्टांवर नजर ठेवून तिनं ओठांतल्या ओठांत मोजलं. एक, दोन, तीन... सहा. तिनं गाडी कडेला घेतली. खाली उतरून, कुणाकडे न बघता, छपरावरची दोरी सोडली आणि ते चाक वाळूतून ढकलत निळ्या पोरींकडे चालू लागली.