आभाळाची जोडी

मित्रांनो, माझ्या चालीला हसू नका. मी वर्ध्याजवळच्या देवळी गावातला एक जुना लाकडी बैल. अंग सागाचं, उंची वीतभर, तीन चाकं लाकडाची आणि चौथं बाटलीच्या झाकणाचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा भरतो आणि मुलं आम्हा लाकडी बैलांना सजवून मैदानात मिरवतात.

सुताराने आम्हा दोघा भावांना एकाच फळीतून घडवलं. घरचा मुलगा गजेंद्र लहान असताना आम्ही जोडीने बक्षिसं आणली. तो मोठा झाला आणि आम्ही माळ्यावर गेलो. तिथे भावाला वाळवीने खाल्लं. मला का सोडलं कोण जाणे. चवीत कमी पडलो असेन.

यंदा गजेंद्रच्या धाकट्या मुलीने, रक्षाने, मला खाली काढलं. आजी वच्छलाबाई म्हणाली, "जोडी मोडली त्याची. एकट्याले मैदानात कोणी उभं नाई करत. चुलीत घाल, आंघोळीचं पाणी तरी तापन."

"नाई, आजी. मी नेईनच त्याले."

"ने. पण तिथून हाकललं, त चूल."

रक्षाची मोठी बहीण समीक्षा वर्ध्याला भौतिकशास्त्र शिकते. ती म्हणाली, "आभाळ बनव त्याले." फार पूर्वी लोक आकाशाला बाप मानत, असं तिने सांगितलं. वेदांमध्ये त्याचं नाव द्यौष्पिता. ग्रीकांचा झ्यूस आणि रोमनांचा ज्युपिटर हे त्याचेच भाऊबंद. वेदांमध्ये त्याला कुठे कुठे डुरकणारा बैलही म्हटलं आहे.

कूलरला लावून उरलेला निळा रंग माझ्या अंगाला लागला. तारे समीक्षाने काढले, अगदी जिथल्या तिथे. अभिजित तारा वशिंडावर आला, कारण या दिवसांत संध्याकाळी तो डोक्यावर असतो. शेपटीपर्यंत पोहोचण्याआधीच पांढरा रंग संपला.

"तिकडं ढग हाय, असं समज," समीक्षा म्हणाली.

मैदानात परीक्षक होते बंडूजी. माझ्यापुढे थांबून त्यांनी रक्षाला विचारलं,

"हा कोन्ता बैल व?"

"आभाळ हाय, काका. साऱ्यायचा बाप."

"मंग देऊळ कुठं हाय याचं?"

"आभाळाले छत कोण घालन?"

लोक हसले. बंडूजी हसले नाहीत. "ते ठीक हाय. पण नियम जोडीचा हाय. दुसरा कुठं?"



रक्षा म्हणाली, "ताई म्हणते, वेदात हा बहुतेक वेळा जोडीनंच येते, काका. याची जोडी पृथ्वी."

"मंग आण न तिले."

"तुमी तिच्याच आंगावर उभे हा."

बंडूजींनी एक पाय उचलला. मग तो कुठे ठेवावा, ते त्यांना कळेना. बराच वेळ ते बगळ्यासारखे उभे राहिले. शेवटी त्यांनी चपला काढल्या, पाय हळूच टेकवला आणि म्हणाले, "लाव याले रांगेत."

बक्षीस मोरपिसं लावलेल्या एका जोडीला मिळालं. घरी आजीने एवढंच विचारलं, "हाकललं का?"

"नाई."

आजी उठली. तिने अंगणातली माती बशीत घेतली, बशी खिडकीत मांडली आणि मला त्या मातीवर उभं केलं. "जोडी हाय त जोडीनं राह्यजो," ती मला म्हणाली.

मित्रांनो, मला देव म्हणू नका. पण तुमच्याही माळ्यावर माझ्यासारखं कुणी एकटं उरलं असेल, तर त्याला खाली काढा. जोडीला ठेवायला माती कुठेही मिळते.