पाच वर, पाच खाली

"तीनशे पंधरा? कुठल्या शहाण्याने लिहिलं हे?"

फाटकाजवळच्या फळ्यापाशी ताई एवढ्या जोरात ओरडली, की चहा पिणारी माणसं कप तसेच धरून बघत राहिली. फळ्यावर नोटीस होती: सात नंबरच्या खोलीतला किरणोत्सर्ग ३१५, मर्यादा १०००, खोली सफाईसाठी खुली. खाली मोजणी करणारी म्हणून तिचंच नाव. आणि सफाईच्या टोळीत तिची सख्खी धाकटी बहीण!

जिने चढून ती थेट मॅनेजरच्या खोलीत घुसली.

"सात नंबरमधली माणसं बाहेर काढा. आत्ताच्या आत्ता!"

"अहो मॅडम, बसा तरी. तीनशे पंधराच तर आहे. सकाळी आठलाच काम सुरू केलंय."

घड्याळात सव्वादहा वाजले होते.

"तीनशे पंधरा नाही हो! तीन गुणिले दहाचा पाचवा घात. तीनावर पाच शून्यं. तीन लाख! मर्यादेच्या तीनशे पट!"

"पण एवढ्याशा पाचाने…"

"तो एवढासा पाच वर बसतो म्हणून त्याला घात म्हणतात. खाली ओढलात की माणसांचा घात होतो! फोन उचला, नाहीतर मी खिडकीतून ओरडते."

तिचा काही नेम नव्हता. मॅनेजरने फोन उचलला.

खाली घंटी वाजत होती तेवढ्यात ताईने मोर्चा कोपऱ्यातल्या टायपिस्ट काकांकडे वळवला. तीस वर्षं नोकरी झालेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस.

"काका, टाईप करताना डोळे कुठे ठेवता तुम्ही? एकशे पाच काय, आणि वर तीनने गुणाकारही करून ठेवलात! कुणी सांगितला होता हा आगाऊपणा? शाळकरी पोरालाही कळतं हे!"

काकांचा चेहरा उतरला. त्यांनी चष्मा पुसला, खिशातून फोन काढला आणि तिच्यासमोर धरला.

"गुणाकार मी केला, मॅडम. साहेबांना सोपं जावं म्हणून. पण आकडा तुमचाच आहे."

काल संध्याकाळी तिने जिन्यात उभ्याउभ्या पाठवलेला मेसेज होता: 'खोली ७ – ३x१०५. बाकी उद्या.'

तिच्या प्रयोगशाळेत सगळे एकमेकांना असंच लिहायचे. फोनवर पाच वर चढवायची कटकट कोण करणार? वाचणारा आपोआप चढवून घ्यायचा. काकांना ती सवय असायचं काही कारणच नव्हतं. ते कॉमर्सचे.

ताईचा संताप तसाच होता, पण आता तो कुणावर काढायचा हे तिला कळेना. तिने किरणोत्सर्ग मोजायचं मीटर उचललं आणि जिना उतरून धावत सुटली.

सात नंबरच्या दाराबाहेर टोळीतले चौघे भिंतीला टेकून उभे होते. तिघांच्या तोंडावर मास्क होते. धाकटीचा मास्क गळ्यात लोंबत होता. केसांवर, भुवयांवर बारीक राखाडी धूळ बसली होती, आणि ती मनगटाने नाक पुसत होती.

"हात लावू नकोस तोंडाला!" ताई किंचाळली. तिने मीटर धाकटीच्या खांद्याजवळ नेलं. एरवी ते थांबून थांबून टकटक करायचं. आता टकटक वेगळी ऐकूच येईना, नुसती एकसलग घरघर.

"किती आलं गं, ताई?" धाकटीने विचारलं.

आयुष्यभर आकडे सांगणाऱ्या ताईला तोंडातून एक आकडा काढता येईना. मग ती भडकली. भडकणं तरी जमत होतं.

"मास्क का काढलास? कितीदा सांगितलं होतं तुला! अक्कल गहाण टाकलीस का? हे तिघे घालून आहेत ना, त्यांना कळतं आणि तुला कळत नाही?"

ताई इतकी का चिडली, हे धाकटीला कळेना.

"त्यांचा नाही विश्वास बसला त्या नोटिशीवर," ती म्हणाली. "मला गुदमरायला होत होतं. आणि खाली तुझं नाव होतं ना, म्हणून काढला."