ओसरीवर ठेवलेला आवाज

श्रावण लागला की कावेरीबाईंच्या घरातला कांदा-लसूण ओसरीवरच्या कपाटात जातो. एका डब्यात कांदे, दुसऱ्यात लसूण आणि काळ्या मसाल्याची पुडी. मुलाला, श्रीरामला, खावंसं वाटलं तर त्यानं तिथून घ्यावं, ओसरीवरच्याच शेगडीवर करावं. तू खाऊ नकोस असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. आपला नेम आपल्यापुरता. श्रावणभर एकभुक्त असायच्या, आणि कहाणी ऐकल्याशिवाय घास घ्यायच्या नाहीत. लग्न होऊन परभणीला आल्या तेव्हापासूनचं हे.

कहाणी आधी कुणीतरी वाचून दाखवायचं, नाहीतर त्या स्वतःच स्वतःला सांगायच्या. अलीकडं ती कॉम्प्युटरवर ऐकायला मिळू लागली, आणि ती सुनेची कृपा. मैत्रेयी घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करायची. शिवाय तिनं एक अ‍ॅप करायला घेतलं होतं, त्याचं नाव कणगी. जिल्ह्यातल्या बायकांचे आवाज त्यात साठवायचे. पेडगावच्या कडूबाईनं सांगितलेली सोमवारची कहाणी, मानवतच्या एका आजींचा बाळंतिणीचा काढा, येलदरीच्या बायनाबाईची मासळी. जमेल तसं जाऊन मैत्रेयीनं हे सगळं फोनवर टिपून आणलं होतं. आवाजांच्या फायली घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर, वेगवेगळ्या फोल्डरांत. आणि कोणता आवाज कुणाचा, गाव कोणतं, फाईल कुठं ठेवलीय, ह्याच्या नोंदी डेटाबेसमध्ये.

आलेला आवाज थोडा ऐकायचा आणि त्याला नाव द्यायचं, हे काम तिनं सासूवर सोपवलं होतं. कावेरीबाईंना ते आवडायचं. तांदूळ निवडल्यासारखं वाटायचं.

तर श्रावणातल्या पहिल्या सोमवारी त्यांनी सगळ्या फोल्डरांतल्या आवाजांची एकत्र यादी उघडली. कडूबाईची कहाणी समोरच होती. आणि तिच्या खाली, अगदी चिकटून, ‘मरळ साफ करणे – बायनाबाई, येलदरी’.

कॉम्प्युटरला कसला आलाय विटाळ, असं त्यांनी स्वतःला समजावून पाहिलं. कहाणी ऐकली, जेवल्या. पण दुपारभर काहीतरी खुपत राहिलं, देवघराच्या फळीवर कुणी चप्पल ठेवावी तसं. शेवटी मासळी-मटणाचे जेवढे आवाज होते तेवढे त्यांनी फोल्डराफोल्डरांतून वेचून एका पेन ड्राइव्हवर काढून घेतले. फेकायचा विचार त्यांच्या मनालाही शिवला नाही. कुणाच्या तरी घरची रीत ती, फेकायची कशी? नीट कापडात गुंडाळून तो पेन ड्राइव्ह त्यांनी ओसरीवर, काळ्या मसाल्याच्या डब्यात ठेवला. श्रावणात ह्या घरातल्या अशा वस्तूंची जागाच ती होती. पुढं भाद्रपदात कांदा-लसूण घरात येईल तेव्हा हेही येईल. सांगण्यासारखं काही घडलंय असं त्यांना वाटलंच नाही, म्हणून त्यांनी कुणाला सांगितलंही नाही.

श्रावण निम्मा सरला असेल. दुपारी पूजा आटोपून कावेरीबाई कहाणीसाठी हातात अक्षता घेऊन बसणार, तोच फाटक वाजलं.

“काकू, हायत का ताई?”

पंचफुला होती, बायनाबाईची लेक. पूर्णा नदीवरच्या येलदरी धरणावर तिच्या घरच्यांची मासेमारी. मैत्रेयी आवाज टिपायला गेली तेव्हा तिनंच पाहुणचार केला होता, आणि नंतर दोन-तीनदा परभणीच्या बाजाराला आली तशी घरीही येऊन गेली होती. आवाज टिपल्यावर वर्षाच्या आतच बायनाबाई वारली.

“ये, बस. पाणी घे.”

“बसायला न्हाई आले. उद्या मायचं वर्षसराद हाय. भाऊ येणारंयत, पाव्हणे येणारंयत. म्हणलं, सगळ्यांला मायचा आवाज ऐकवावा. रोज रातच्याला ऐकायची मी, मंग जाळ्याचा हंगाम आला, ऱ्हाऊन गेलं. काल लावलं तर...” तिनं फोन पुढं केला. “नाव हाय, फोटू हाय, पण माय बोलंना.”

फोनवर बायनाबाईचा फोटो होता. डोक्यावर पदर, हसताना एक दात पडलेला. त्याखाली लिहिलेलं: आवाज सापडला नाही.

कावेरीबाईंच्या हातातल्या अक्षता ताम्हनात पडल्या.

मैत्रेयी आतून आली. “अगं, नेटवर्क नसेल तुमच्याकडं.”

“धरणाच्या भिंतीवर जाऊन बघितलं ताई. तिथं चारी कांड्या असत्यात. दुसरीनं कुणी सांगितलेली भाकरीची गोष्ट लागली. मायच तेवढी मुकी झाली.”

मैत्रेयी कॉम्प्युटरपाशी बसली. कळा दाबू लागली. तिच्या भुवया जवळ आल्या.

“चहा ठेवते मी,” कावेरीबाई म्हणाल्या आणि ओसरीकडं गेल्या.

चहाचं पातेलं शेगडीवर चढवून त्यांनी डबा उघडला. पेन ड्राइव्ह होता. कापडाला मसाल्याचा वास लागला होता, एवढंच. त्यांना हायसं वाटलं. मनात आलं, मैत्रेयी चहाला उठली की हळूच जोडायचा, फाईल होती तिथं ठेवून द्यायची. पंचफुलाला काय कळणार? आणि कळून तरी काय करायचंय तिला?

तसंच केलं त्यांनी. चहा दिला, मैत्रेयीचा फोन वाजला म्हणून ती कप घेऊन बाहेर गेली, तेवढ्यात ह्या खुर्चीवर बसल्या. पण फाईल ठेवायची कुठं? फोल्डरांना नावं नव्हतीच, नुसतं आकड्यांचं लांबलचक शेपूट. त्या दिवशी कुठून काय उचललं ते आठवेना. एका फोल्डरात ठेवून पाहिलं. पंचफुलाच्या फोनवर तेच: सापडला नाही. दुसऱ्यात ठेवलं. तेच.

पंचफुला जमिनीवर बसून बशीतून चहा पीत होती. “काकू, तुमाला बी येतंय की हे. लय हुशार बाई तुमी.”

मैत्रेयी परत आली. “गंमत बघा ना आई, नोंद जिथल्या तिथं आहे आणि फाईलच नाही. बॅकअपमध्येही नाही. बॅकअप रोज होतो, पण तो आरशासारखा. इथलं गेलं की तिथलंही पुसलं जातं.” तिचा आवाज बारीक झाला. “पंचफुलाताई, माझ्या फोनवरचं तर मी कधीच काढून टाकलं. मला वाटतं... आवाज गेला.”

पंचफुलानं बशी खाली ठेवली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

कावेरीबाईंना वाटलं, आता गप्प राहिलं तर हा उपास नाही, नुसतं उपाशी राहणं आहे.

“गेला नाही,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडं आहे.” आणि त्यांनी पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला.

“तुमच्याकडं? आई, ह्याला मसाल्याचा वास कसा?”

“डब्यात ठेवला होता. ओसरीवर.” त्या नेहमीच हळू बोलत, आता तर जवळ जाऊन ऐकावं लागलं असतं. “कहाण्यांशेजारी मासळी होती. श्रावण आहे, म्हणून मी ते सगळं वेगळं काढून ठेवलं.”

मैत्रेयी सासूकडं पाहत राहिली. ती रागावली होती, आणि तिला हसूही येत होतं, आणि पंचफुलासमोर दोन्ही करता येत नव्हतं.

हसली ती पंचफुला.

“मंजी माझ्या मायला ओसरीवर बसवलं म्हणा की!”

“पंचफुला, तसं नव्हतं माझ्या मनात—”

“ऱ्हाऊ द्या काकू. तिला काय नवं हाय ते. सायबाच्या बंगल्यावर मासळी घिऊन जायची, तवा बी बाईसाहेब आतूनच म्हणायच्या, तिथंच थांब गं. ती तिथंच थांबायची. मी लहान होते, मला लय राग यायचा. माय म्हणायची, वास आपल्याला न्हाई येत बाई, त्यान्ला येतो.” मग ती पुन्हा हसली, पण मघासारखं नाही. “आमच्या घरातबी माळकरी हाय धाकटा भाऊ. त्याचं ताट बी येगळंच असतंय. नेमाला कोण नावं ठेवंल? पण जागा बदलली तं सांगावं तरी मानसाला. मी काल रातभर रडले.”

कावेरीबाईंनी खाली बसून पंचफुलाची रिकामी बशी उचलली, आणि ती तशीच हातात धरून बसून राहिल्या.

“चूक माझीपण आहे,” मैत्रेयी म्हणाली. “आवाज कुठं ठेवलाय ते मी नोंदीत पक्कं लिहून टाकलं होतं. हाच कॉम्प्युटर, हेच फोल्डर, हीच फाईल. एक गोष्ट हलली की अ‍ॅप आंधळं. आज आईंनी हलवलं. उद्या हा कॉम्प्युटर बंद पडला असता, किंवा मी सगळं दुसरीकडं नेलं असतं, तरी हेच झालं असतं. मला माहीत होतं, करू-करू म्हणत राहून गेलं.”

“मग कुठं ठेवलंय ते न लिहिता सापडायचं कसं?” कावेरीबाईंनी विचारलं.

“लग्नात कोठीवर एक मावशी बसवतात ना आपण? कुणी आलं की म्हणतं, मावशी, हळद द्या. हळद ट्रंकेत आहे की डब्यात, ते मागणाऱ्याला ठाऊक नसतं. मावशीला असतं. तशी एक मावशी मध्ये बसवायची. अ‍ॅपनं म्हणायचं, बायनाबाईंचा आवाज द्या. बस. लहान आवाज असला तर मावशी तो डेटाबेसमध्येच ठेवील, मोठा असला तर फाईल करून, उद्या जास्त झाले तर दुसऱ्या गावच्या कॉम्प्युटरवर. आवाजाला स्वतःची ओळख असली पाहिजे. मग जागा खुशाल बदलो.”

कावेरीबाईंनी देवघराकडं पाहिलं. तबकात विड्याच्या पानावर सुपारी होती. सकाळी तिच्यातच गणपतीची पूजा केली होती त्यांनी.

“मूर्ती नसली की आपण सुपारीत बोलावतो,” त्या म्हणाल्या. “तो येतो. सुपारी कुठल्या दुकानातली ते काही विचारत नाही.”

“आमी तांब्यात बसवतो,” पंचफुला म्हणाली. “वर नारळ ठिवतो. काकू, माझ्या मायला कशातबी बसवा. तांब्यात बसवा, मसाल्यात बसवा, पर बोलू द्या.”

“नुसतं ये म्हणून नाही येत हो ताई,” मैत्रेयी म्हणाली, “पुढचे आठ दिवस मला मान मोडून लिहावं लागणार आहे. आत्तापुरता हातानं पत्ता बदलून देते. गाडी कितीची तुमची?”

“जिंतूरची धरली की झालं. तिथून मिळतंय कायबी.”

मैत्रेयीनं फाईल ठेवली, नोंदीतला पत्ता बदलला. पंचफुलानं बोट लावलं. फोनवर एक गोल जरा वेळ फिरत राहिला. तिघीजणी त्या गोलाकडं पाहत होत्या.

“...झालं का सुरू? बोलू का मंग?” आवाज आला. खडबडीत, थोडा मोठाच, नदीच्या काठावर बोलायची सवय असलेला.

पंचफुलानं तोंडावर पदर धरला.

“थांबव जरा,” कावेरीबाई म्हणाल्या.

दोघींनी त्यांच्याकडं पाहिलं. त्या उठल्या, ताम्हनात सांडलेल्या अक्षता गोळा करून मुठीत घेतल्या, आणि पंचफुलाच्या शेजारी जमिनीवर बसल्या.

“आई, तुमची कहाणी राहिलीय अजून. जेवायच्यात तुम्ही.”

“म्हणून तर. लाव आता.”

“काकू,” पंचफुला घाबरून म्हणाली, “मासळीची हाय बरं का ही. मरळीची.”

“असू दे. नाव देताना मी एवढंच ऐकलं होतं, बोलू का मंग. पुढचं ऐकलंच नाही.”

आवाज सुरू झाला. “मरळ लय झोंबती. हाताला राख लावावी, मंग डोकं धरावं. पर त्याच्या आधीचं सांगते. जाळं वर आलं की पयला मासा घ्यायचा न्हाई. ल्हान असू, मोठा असू, जिता सोडायचा पाण्यात. पूर्णामायचा वाटा त्यो. माझी सासू सोडायची, मी सोडते. एकदा लेकरं तापली होती, घरात दाणा न्हाई, जाळ्यात एकच मरळ आली. एकच. मालक म्हणले, आज ऱ्हाऊ दे तुझा नेम. मी म्हणलं, एकच आली म्हणूनच सोडायची. दहा आल्यावर कुणीबी सोडंल...”

पुढं रीत होती: राख, हळद, खवले कसे काढायचे, तिखट किती. कावेरीबाई मूठ मिटून शेवटपर्यंत बसल्या. मध्ये एकदा बायनाबाई कुणावर तरी ओरडली, “अगं पंचे, दूध उतू चाललंय!” आणि पंचफुला हसता हसता रडली.

आवाज थांबला. कावेरीबाईंनी निम्म्या अक्षता देवापुढं वाहिल्या. उरलेल्या पंचफुलाच्या हातावर ठेवल्या आणि तिची बोटं मिटली.

“उद्या मायच्या फोटोपुढं ठेव. माझ्या म्हणून.”

मग त्यांनी दोन पानं वाढली. एक स्वतःचं, एक पंचफुलाचं, आत, शेजारी शेजारी. पंचफुलानं पहिल्याच घासाला विचारलं, “काकू, ह्यात लसूण न्हाई का वो?” मैत्रेयी ओसरीवरून डबा घेऊन आली आणि उंबऱ्यापाशी थबकली. कावेरीबाई जेवताना बोलत नसत. त्यांनी नुसती मान हलवली, आण म्हणून.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पंचफुलाचा फोन आला. “काकू, माय बोलली. थोरला रडला का म्हणता? न्हाई. म्हणला, आवाज बारीक करा, माय वरडायलीय!”

मैत्रेयीला आठ दिवस नाही, श्रावण संपेपर्यंत वेळ लागला. काम झाल्यावर तिनं सासूला दाखवलं. आता फोल्डरं दिसतच नव्हती. नुसती नावं होती. कडूबाईच्या खाली बायनाबाई, तिच्या खाली आणखी कुणी. कावेरीबाईंचा हात सवयीनं काहीतरी वेगळं काढायला पुढं झाला आणि तसाच माउसवर राहिला. आवरायला काही नव्हतंच.

“आता बायनाबाई कुठं आहे?” त्यांनी विचारलं.

“ते मलापण मावशीला विचारूनच सांगावं लागेल. बघू?”

“नको,” कावेरीबाई म्हणाल्या. “लाव फक्त.”