चौघींच्या बोटीतली जागा

संघातल्या पोरी तिला ताई म्हणत. दोन ऑलिंपिक आणि असंख्य पहाटा वल्हवून झाल्यावर तिच्या कमरेची अशी दशा झाली होती की मोजे घालायलाही पलंगावर आडवं व्हावं लागे. पेपरवाले तिला पोलादी म्हणत. त्यांचं काय जातंय म्हणायला?

जागतिक स्पर्धेसाठी चौघींच्या बोटीत एकच जागा उरली होती. तिच्यावर डोळा दोघींचा, ताईचा आणि धाकटीचा. धाकटी म्हणजे संघात नव्यानं आलेली, दणकट, फारसं न बोलणारी पोर. अशा वेळी अदलाबदलीनं निकाल लावायचा, ही या खेळाची रीत. दोन बोटी शर्यत लावतात. मग भर पाण्यात एकमेकींना खेटून थांबतात आणि फक्त त्या दोघी जागा बदलतात. बूट बोटीलाच पक्के बसवलेले, त्यामुळे दुसरीच्या ओल्या, कोमट बुटांत पाय घालायचे आणि तीच शर्यत पुन्हा करायची. जिच्या बसण्यानं बोट पुढे जाईल, जागा तिची.

ताईला हरायचं होतं. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. घरी मुलगी आजीजवळ वाढत होती, आणि ‘एवढी एक स्पर्धा झाली की आलेच’ हे वाक्य आता ताईला स्वतःच्या तोंडून ऐकवत नव्हतं. पण ‘सोडते’ म्हणायला जीभ रेटत नव्हती. मुद्दाम ढिलं ओढणं तर तिच्या हातांना माहीतच नव्हतं. आपण जीव तोडून ओढायचं, धाकटीनं सरळ मागे टाकायचं, आणि सामान बांधून घरी जायचं, इतका साधा तिचा बेत होता.

चूक एवढीच झाली, की आदल्या दिवशी जेवताना ती बोलून गेली, “आता नाही गं होत माझ्यानं.” पोरींना वाटलं, ताई घाबरली.

पहिली शर्यत सुटली आणि वल्ह्याचे काही हात मारताच तिला कळलं. बोट अंगाखालून निसटावी तशी पळत होती. एवढा जोर आपल्या पाठीत उरलेला नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तो कुठून येतोय, हे पुढच्या पोरीच्या मानेच्या ताठलेल्या शिरा सांगत होत्या. धाकटीची बोट मागे पडली. जागा बदलल्या. आता नव्या बोटीतल्या तिघी ताईसाठी तुटून पडल्या, आणि मघाच्या तिघींनी धाकटी बसल्याबरोबर हात आखडता घेतला. ताई पुन्हा जिंकली. धाकटी वल्ह्यावर डोकं टेकून बसली होती. तिच्याकडे बघवत नव्हतं.

धक्क्यावर उतरल्या उतरल्या ताई कोचकडे गेली. हा निकाल खरा नाही, पोरींनी माझ्यासाठी ओढलं, शर्यत पुन्हा घ्या, असं तिनं स्पष्ट सांगितलं.

“मला काय डोळे नाहीत?” कोच घड्याळ खिशात टाकत म्हणाले. “तुझ्यासाठी ओढतात, तिच्यासाठी ओढत नाहीत. मला बोटीत तेच हवंय. तिचं काय, तिचं वय आहे अजून.”

“सर, मला...” ती म्हणाली, तोच मागून पोरी आल्या. खांद्यावर उचललेली बोट, गाल लालबुंद. एकीच्या तळहाताचं साल निघून रक्त ठिबकत होतं, आणि चेहरे असे, जणू ताईला बुडताना वाचवून आणलंय. ताईला रागही आला आणि रडूही. केवढ्या मायेनं घात केला होता बिचाऱ्यांनी! तिनं त्या पोरीचा हात ओढून घेतला, पट्टी बांधली, आणि उरलेलं वाक्य गिळलं.

खोलीवर येऊन तिनं घरी फोन लावला. निवड झाली म्हटल्यावर आई नुसतं “बरं” म्हणाली आणि फोन नातीकडे दिला. मुलीनं सगळं शहाण्यासारखं ऐकून घेतलं. रडली नाही, हट्टही केला नाही.

“म्हणजे तू जिंकलीस,” ती म्हणाली. “मग आई, तू हरणार कधी?”