रस्ता होणार की नाही

नगराध्यक्षांची सभा असली की मंचाच्या डाव्या कोपऱ्यात, दिव्याखाली, काळा सदरा घालून एक बाई उभ्या असत. काळा अशासाठी, की त्यावर हात उठून दिसतात. साहेब तोंडाने बोलत आणि बाई तेच खुणांनी बोलत, पहिल्या दोन रांगांतल्या बहिऱ्या मंडळींसाठी. गावात त्यांना हातवाल्या बाईच म्हणत. एरवी त्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवायच्या, पण ही भाषा त्या घरीच शिकल्या होत्या. थोरला भाऊ जन्मापासून बहिरा. लहानपणी आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "दादाला सांग गं, जेवायला चल म्हणावं," आणि ही पोर धावत जाऊन हातांनी सांगायची. चाळीस वर्षं झाली, दादाला सांगणं काही संपलं नव्हतं.

दादा पुस्तकांच्या बाइंडिंगच्या कारखान्यात कामाला होता. बारा माणसं, त्यातली नऊ बहिरी. कागद कापायच्या मशीनची धडधड ऐकून बाकीच्यांची डोकी उठायची; या नऊजणांना त्याचं सोयरसुतक नव्हतं. कारखाना नदीकाठच्या वस्तीत होता, आणि याच वस्तीवरून मोठा रस्ता जाणार अशी कुणकुण लागली होती. लोक बिथरले, तेव्हा नगराध्यक्षांनी वस्तीच्या मैदानावर सभा ठेवली.

बोलावं तर साहेबांनी. एकच गोष्ट तीनदा सांगायचे, दर खेपेला आवाज एक पायरी वर. मग एकदम गप्प. त्या गप्प राहण्यानेच माणसं खुर्चीत पुढे सरकायची.

"तुमच्या घराच्या एका विटेला जरी कुणाला हात लावायचा असेल," साहेब म्हणाले आणि थांबले, "तर त्याला आधी माझ्या अंगावरून जावं लागेल! कुणावर अन्याय होणार नाही. होणार नाही. होणार नाही!"

मैदान दणाणलं. बाईंच्याही अंगावर काटा आला. पण खुणांच्या भाषेत असं अधांतरी बोलता येत नाही. कोण, कुणाला, काय करणार, हे हवेत जागा दाखवून मांडावं लागतं. अन्याय कसला, तो कोण करणार नाही, ते साहेबांनी सांगितलंच नव्हतं. बाईंनी भरात ती रिकामी जागा स्वतःच भरून टाकली. रस्ता येणार नाही. घरं राहतील. कारखाना राहील. तेही चेहऱ्यावर साहेबांपेक्षा जास्त खात्री आणून.

पुढच्या आठवड्यात पालिकेची माणसं मोजणीसाठी संमतीची सही मागत आली. शेजारच्यांनी का-कू केली. दादाने मात्र पहिली सही ठोकली, आणि त्याच्या पाठोपाठ बाकीच्या आठांनी. घरं राहणारच आहेत म्हटल्यावर मोजणीला कशाला भ्यायचं?

दोन महिन्यांनी नोटीस आली. साठ दिवसांत जागा खाली करा.

दादा नोटीस घेऊन बहिणीकडे आला. बाई पोळपाट-लाटणं बाजूला ठेवून, पिठाच्या हातांनीच ती वाचायला लागल्या. दादाने त्यांच्या खांद्यावर थाप मारली, म्हणजे इकडे बघ.

'तू सांगितलंस, रस्ता येणार नाही.'

'मी नाही, साहेब म्हणाले,' बाईंनी हातांनी उत्तर दिलं.

'मला त्यांचा आवाज कुठे ऐकू येतो? मी तुझ्याकडे बघत होतो.'

तो गेल्यावर बाईंनी फोनवर त्या भाषणाचं रेकॉर्डिंग लावलं. पेन्सिल घेऊन बसल्या आणि तीनदा ऐकलं. 'रस्ता होणार नाही' हे चार-पाच वेळा तरी आलं असेल अशी त्यांची पक्की समजूत होती. एकदाही नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांच्या सचिवाला गाठलं.

"साहेब रस्ता होणार नाही असं कुठे म्हणाले होते का हो?"

"छे!" सचिव खूश होऊन हसला. "तुम्हाला तसं वाटलं ना? मग भाषण जमलं म्हणायचं. दोन दिवस घासलं होतं मी ते."

बाई तिथून थेट कारखान्यात गेल्या. खळीच्या वासात, पुठ्ठ्यांच्या चळतींमध्ये नऊजणांना गोळा केलं आणि सांगितलं: 'ते म्हणाले नव्हते. मी म्हणाले. चुकले मी.' सगळ्यात म्हातारा शिलाईवाला उठून आपल्या जागेवर जाऊन बसला. ते बाईंना शिव्यांपेक्षा लागलं.

नोटिशीची मुदत संपायच्या आतच निवडणूक तोंडावर आली, तशी पालिकेच्या सभागृहात साहेबांची सभा लागली. या खेपेला बाईंनी दादाला आधीच बजावलं, 'आज ते बोलतील तेवढंच सांगेन. वर एक चिमूटही नाही.'

साहेब रंगात आले. विकास दाराशी उभा आहे, म्हणाले. इतिहास तुमच्याकडे बघतोय, म्हणाले. कुणाच्या दाराशी, ते बाईंनी दाखवलं नाही, कारण ते सांगितलंच नव्हतं. जे कळलं नाही तिथे 'काय, ते बोलले नाहीत' एवढीच खूण केली. मागे टाळ्यांचा पाऊस पडत होता आणि पहिल्या दोन रांगा कोऱ्या चेहऱ्याने बसल्या होत्या.

साहेबांची नजर तयार होती. त्यांना ते लगेच खटकलं. थांबून, प्रेमाने म्हणाले, "आमचे हे बंधू आज नाराज का?"

बाईंनी ते जसंच्या तसं सांगितलं. दादा उठला आणि सरळ मंचावर चढला. सचिव अडवायला पुढे झाला, पण साहेबांनीच त्याला हाताने थांबवलं. दादाने खुणा केल्या. बाईंनी माईक ओढून त्या मोठ्याने वाचल्या.

"रस्ता होणार की नाही?"

साहेबांनी दादाला मिठीच मारली. आवाज भरून आला. "ज्याला ऐकू येत नाही, त्याने आज मला जनतेच्या काळजाची धडधड ऐकवली!"

सभागृह उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. बायका डोळे पुसायला लागल्या. दादा मिठीतून सुटला, सदरा नीट केला. त्या टाळ्या त्याच्यापर्यंत पोहोचायचा प्रश्नच नव्हता. साहेबांनी काय उत्तर दिलं म्हणून त्याने बहिणीकडे पाहिलं. बाईंनी सांगितलं, 'उत्तर दिलं नाही.'

दादाने पुन्हा त्याच खुणा केल्या.

"रस्ता होणार की नाही?" बाई म्हणाल्या.

साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून वस्तीच्या त्यागाबद्दल चार वाक्यं टाकली. टाळ्या पडल्या, पण विरळ. दादा हलला नाही. तिसऱ्यांदा विचारलं. आता मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, सांगा की एकदाचं!" हशा पिकला. मग हशाही विरला आणि सगळेच वाट बघायला लागले.

साहेबांनी सचिवाकडे पाहिलं. तो कागद चाळत होता.

"होणार," साहेब म्हणाले.

"कधी?" दादाच्या हातांमागून बाई.

"पावसाळा संपल्यावर."

"कारखाना कुठे जाणार?"

"ते... अजून ठरलेलं नाही."

बाईंनी तेवढंच, तसंच सांगितलं. दादाने मान डोलावली आणि खाली उतरला.

साहेब निवडून आले, पण नदीकाठच्या मतपेट्यांत सपाटून मागे पडले. रस्ता झाला. सभेतलं ते 'ठरलेलं नाही' सगळ्यांच्या फोनमध्ये रेकॉर्ड झालं होतं. वस्तीवाले ते घेऊन रोज पालिकेत जाऊन बसले, तेव्हा कुठे धान्याच्या जुन्या गोदामातली अर्धी जागा कारखान्याला मिळाली. छप्पर गळकं, पण खिडक्या मोठ्या. म्हातारा शिलाईवाला तिकडे गेला नाही; लांब पडतं म्हणून त्याने काम सोडलं.

बाईंना साहेबांच्या मंचावर पुन्हा कुणी बोलावलं नाही. शाळेत त्यांनी मोठ्या वर्गासाठी आठवड्यातला एक तास नवा सुरू केला. पडद्यावर कुणाचंही भाषण लावायचं, मुलांना खुणांनी सांगायचं, आणि प्रत्येक वाक्याला मुलांनी विचारायचं, कोण करणार? पहिल्याच तासाला एका मुलीने हात वर केला. 'बाई, हा माणूस इतका वेळ बोलतोय, आणि तुम्ही नुसत्या उभ्या का?'