दहापैकी सहा

"सहा? स्वतःला फक्त सहा दिलेत, ताई?" मेट्रननं फॉर्म पुढं सरकवला. "निदान आठ तरी लिहायचे."

"गेल्या महिन्यात एक गठ्ठा ओला निघाला होता, मॅडम. आठ कसे लिहू?"

हत्यारांचा तो ओला, म्हणजे निर्जंतुक धरता न येणारा, गठ्ठा ताईनंच हुडकला होता आणि तिनंच वहीत नोंदवला होता. ती गप्प बसली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. इस्पितळाच्या तळमजल्यावर, शस्त्रक्रियेची हत्यारं वाफेवर निर्जंतुक करण्यात तिची बावीस वर्षं गेली होती. शेवटची चार वर्षं ती विभागप्रमुखाचंच काम करत होती, फक्त कागदावर तसं नव्हतं. आता ती जागा भरायची होती, आणि निवृत्तीला तीन वर्षं उरलेल्या ताईला ती हवी होती. का नसावी?

पण मध्येच कोट घातलेला एक प्रशिक्षक उपटला. जो स्वतःला थोर मानतो तोच आयुष्यात पुढं जातो, असं दोन दिवस घसा फोडून सांगून त्यानं सगळ्यांना स्वतःला गुण द्यायला लावले. सातच्या खालचे अर्ज बाद. वरून आलेला नियम, मेट्रन तरी काय करणार!

हिरोनं दहा लिहिले. हिरो म्हणजे ताईच्या हाताखाली शिकलेला तिचा सहकारी. चिमटा कसा पुसायचा हेसुद्धा त्याला तिनंच दाखवलं होतं. दहा लिहायला काय लागतं? पेन लागतं. जागा त्याला मिळाली.

प्रमुख झाल्यावर पहिल्याच सकाळी तो दारातून ओरडला, "ताई, ती खेप वर पाठवा. थिएटरमधून दोन फोन आलेत. मी सही केलीय."

"चाचणीचा गठ्ठा उघडून बघितला?"

"दाब बरोबर, वेळ बरोबर. किती शंका काढता! जरा स्वतःवर विश्वास ठेवायला शिका."

"माझ्यावर ठेवून काय करू? जंतू काय मला ओळखतात?"

तिनं गठ्ठा उघडला. आतली पट्टी वाफ नीट पोचली की काळी होते. ही फिकट तपकिरीच होती. तिनं अख्खी खेप रद्द केली, हत्यारं नव्यानं बांधली आणि यंत्रात घातली.

फोन पुन्हा वाजला. हिरो मऊ आवाजात म्हणाला, "सॉरी सर, आमच्या ताईंचा आत्मविश्वास जरा कमी आहे. त्यामुळं उशीर होतोय." पट्टीबद्दल चकार शब्द नाही! ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

यंत्र चालू असतानाच मेट्रन खाली आली. विलंबाबद्दल लेखी खुलासा हवा होता. ताईनं पट्टी तिच्या नाकासमोर धरली.

"ही बघा. आणि ही त्याची सही. खुलासा मी द्यायचा?"

मेट्रननं पट्टी पाहिली, सही पाहिली आणि मान खाली घातली. "मला कळतं हो, ताई. पण रिपोर्ट प्रमुखाचाच धरतात."

"कळतं तर बोला की!"

मेट्रन बोलली नाही. कळणाऱ्या माणसांनी गप्प बसायचं आणि दहावाल्यांनी बोलायचं, अशीच रीत पडली आहे. ताईनं खुलासा लिहिला, एका ओळीचा: 'खेप निर्जंतुक झाली नव्हती, म्हणून मी थांबवली.'

नव्या खेपेतली पट्टी काळी झालेली पाहून ती स्वतःच ट्रॉली घेऊन वर गेली. नर्सनं हत्यारं आत घेतली. दाराशी उभी असलेली एक म्हातारी ताईच्या अंगावर आली.

"तासभर खोळंबा केलात! माझी लेक सकाळपासून उपाशी पडलीय आत. कुणी केला उशीर?"

"मी केला, आजी."

"लाज नाही वाटत? आपलं माणूस असतं म्हणजे कळलं असतं!"

ताईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हातारीचा दंड धरून तिला भिंतीलगतच्या बाकाच्या टोकाशी नेलं.

"इथं बसा. दार उघडलं की इथून आधी दिसतं."