उघड्या डोळ्यांची झोप

आतिमने चटईची कड उचलली, तर खाली पट्टी. सलग तिसरी सकाळ! रात्री मलम घालून पोरीच्या डोळ्यांवर बांधलेली पट्टी, गाठ सोडून, नीट घडी करून सरकवलेली. चार वर्षांच्या पोरीला घडी कुठली घालता येते?

तिची नांतेझा अजून झोपली होती. डोळे अर्धे उघडे, उजवा तर लालभडक. कवटीची हाडं वेळेआधीच जुळली, डोळ्यांच्या खोबणी उथळ राहिल्या, म्हणून डोळे बाहेर आलेत आणि पापण्या मिटत नाहीत, असं कंपालाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. ऑपरेशन होईपर्यंत झोपेत डोळे झाकायचे. सुकले तर फूल पडेल, नजर जाईल.

आतिम तरातरा चुलीपाशी गेली. सासू, नामुली, वाफवून मटोके करायला हिरवी केळी सोलत बसली होती.

“आई, ही तुम्हीच सोडता ना?”

“सोडते. डोळे बांधून ठेवायला ती काय मेलीय?”

“आंधळी झाली म्हणजे बरं वाटेल तुम्हाला!”

“माझ्यावर कशाला ओरडतेस? तुझ्या उत्तरेकडच्या माहेराहून आलंय ते दुखणं. आमच्यात असले डोळे नाहीत कुणाचे.”

हे ऐकून ऐकून आतिमचे कान किटले होते. लग्नकार्यात पोरीला अंगावरच्या कापडाआड धरून बसायची ती, जणू चोरीच केली होती.

तेवढ्यात आत पोरगी रडली. म्हातारी सुरी टाकून धडपडत उठली.

“आले गं नाकिगुडे, आले!”

“नाकिगुडे कोण?”

म्हातारी जागच्या जागी थबकली. मग सालींवरच खाली बसली.

“माझी लेक. तुझ्या नवऱ्याच्या आधीची. अशीच उघड्या डोळ्यांनी झोपायची. त्या दिवशीही मला वाटलं, झोपलीय. केळी सोलली, पानात बांधली, वाफेला ठेवली. शिजल्यावर हाक मारली.” तिने तोंडावरून हात फिरवला. “डोळे मिटेनात तिचे. मीच पट्टी बांधली.”

आतिमला तरीही राग आवरेना.

“मग इतकी वर्षं माझ्या माहेराला का बोल लावलात?”

“तुझ्या माहेरचं म्हटलं, की वाटायचं, ही माझ्या पोरीसारखी जायची नाही गं.”

आत जाऊन आतिमने पोरीला उचललं.

दुपारी नांतेझा पेंगुळली. आतिमने मलम घातलं आणि पट्टी सासूच्या हातात दिली. नामुलीने ती बांधली आणि पोरीच्या नाकाखाली बोट धरलं.

“तू नुसते डोळेच बघतेस,” ती कुजबुजली. “इथं धर.”

आतिमने बोट धरलं. कोमट श्वास येत होता. मग थांबला. पोरीने एक आचका दिला आणि श्वास पुन्हा आला.

“रात्रभर असंच होतं?”

“म्हणून तर जागी असते मी.”

“आज तुम्ही झोपा, आई. मी बसते.”

नामुलीने मान डोलावली. बोट मात्र काढलं नाही.